खांबापासून खांबापर्यंत

“‘प्रगतिपथावर’ लिहा आणि छापायला पाठवा,” बोरसे साहेब म्हणाले.

“साहेब, मागच्या तीन पत्रकांत हेच लिहिलंय.”

“मग तर सोपं आहे. कॉपी-पेस्ट करा.”

बोरसे साहेब आमच्या नगरपरिषदेचे पाणीपुरवठा इंजिनिअर. मी तिथे करारावर आहे. शहरातली कामं कुठवर आली, हे दर तीन महिन्यांनी एका पत्रकात लिहिणं, हे माझं काम. आमचं शहर धुळे आणि जळगावच्या मध्ये कुठेतरी आहे. नाव सांगत नाही, करार अजून चालू आहे.

पत्रकं मला नवी नव्हती. वडील चळवळीतले. घरात पत्रकांचे गठ्ठे असत, मी वाचायला त्यांवरच शिकले. वडिलांचा नियम होता: जे वाक्य पुढच्या वर्षीही जसंच्या तसं छापता येईल, ते खोडायचं.

मी ते वाक्य खोडलं. पण त्या जागी लिहायचं काय?

काम टेकडीवरच्या वस्तीच्या नळाचं होतं. उंच टाकी बांधून झाली होती. टाकीपासून वस्तीपर्यंत पाईप टाकायचं काम दोन पॅकेजमध्ये, म्हणजे दोन वेगळ्या कंत्राटदारांना दिलेलं होतं. दोघांच्या फायलींवर ‘काम पूर्ण’ असा शेरा होता. पाईपमध्ये दाबाने पाणी भरून गळती तपासतात, त्याला टेस्टिंग म्हणतात. दोघांचं टेस्टिंगही पास होतं. पाणी मात्र वस्तीत येत नव्हतं.

“असं कसं?” मी विचारलं.

“एखादा व्हॉल्व्ह अडकला असेल. बघतोय आम्ही.”

“कोण बघतंय?”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “मॅडम, तुम्ही पत्रक लिहा.”

मी आधी वस्तीत गेले. पहिल्याच घरापुढे मीराअक्का बसल्या होत्या. दोन्ही गुडघे सुजलेले. टँकर चढावर चढत नाही, त्यामुळे सगळी वस्ती खालून हंडे वाहते.

“तू नगरपालिकानी पोर शे का?”

“हो, अक्का.”

“मंग दख.” त्यांनी दारातला नवा कोरा नळ फिरवला. आतून एक कुंभारमाशी भुणभुणत बाहेर आली. नळाच्या तोंडात तिने मातीचं घर केलं होतं. “नळ तुमना, घर तिनं!”

गल्ली हसली. मग अक्कांनी डाळ वाळत घातलेला कागद ओढून माझ्यापुढे धरला. ते माझंच पत्रक होतं.

“हाई वाचीसन दखाड.”

“‘टेकडी वस्ती नळजोडणी: काम प्रगतिपथावर.’”

“तो पथ कोठे शे?” अक्कांनी अगदी साध्या चेहऱ्याने विचारलं. “सांग ना. मी तठे हंडा लिसन जास.”

या वेळी कोणी हसलं नाही. खरं सांगायचं तर लाज वाटण्याआधी मला कुतूहल वाटलं. दोन्ही पाईप पूर्ण, दोन्ही पास, मग पाणी जातं कुठे?

दुसऱ्या दिवशी दोन्ही पॅकेजची ड्रॉइंग घेतली आणि सुभाषनानांना गाठलं. नाना आमचे व्हॉल्व्हमन. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं, हे त्यांच्या हातात. आम्ही टाकीपासून चालायला लागलो. रस्त्यात दिसेल ते प्रत्येक झाकण नाना उघडून बघत होते. व्हॉल्व्ह सगळे ठीक होते.

ड्रॉइंगवर पहिलं काम ‘टाकी ते विजेचा खांब नंबर सत्तेचाळीस’ असं होतं. दुसरं ‘खांब नंबर सत्तेचाळीस ते वस्ती’. खांब चौकात सापडला. सिमेंटचा, नवा, पिवळ्या रंगात नंबर टाकलेला. नानांनी त्याच्या बुडाशी कुदळ चालवली. हातभर खाली काळा पाईप लागला. त्याच्या तोंडावर टोपण घट्ट बसवलेलं.

“हा वस्तीकडचा. मग टाकीकडून येणारा कुठेय?” मी म्हटलं.

नाना खांबाकडे बघत राहिले. मग एकदम हसायला लागले.

“खांबले पाय फुटनात, पोरी!”

“म्हणजे?”

“जुना खांब तठे व्हता.” त्यांनी चौकाच्या पलीकडे, रसवंतीकडे बोट केलं.

आम्ही चौक ओलांडला. रसवंतीवाल्याने छत्रीची दोरी ज्याला बांधली होती, तो जमिनीलगत कापलेला लोखंडी खांबाचा बुंधा होता. शेजारी खणलं. तिथेही काळा पाईप निघाला, तोंडावर तसंच टोपण.

मग सगळं उलगडलं. पहिला कंत्राटदार जुन्या खांबापाशी थांबला. नंतर चौक रुंद झाला, खांब पलीकडे गेला, नंबर तोच राहिला. दुसऱ्याने नव्या खांबापासून सुरुवात केली. कोणीच खोटं बोललं नव्हतं. मध्ये फक्त अख्खा चौक उरला होता. मी पावलं मोजली. सत्तावीस.

पत्रकात लिहिलं: ‘टेकडी वस्ती: चौकात सत्तावीस पावलं पाईप टाकलेला नाही. तो टाकेपर्यंत पाणी येणार नाही.’

बोरसे साहेब वाचून लाल झाले. “हे छापलं तर मला उभा चिरतील!” ते मला थेट मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये घेऊन गेले.

मुख्याधिकाऱ्यांनी कागद दोनदा वाचला. “बोरसे, हे खरं आहे का?”

“खरं आहे, पण साहेब, पत्रकात असं…”

“‘प्रगतिपथावर’मध्ये काय वाईट आहे?” त्यांनी मला विचारलं.

“साहेब, एक बाई हंडा घेऊन तिथे जायला तयार आहे. पत्ता विचारतेय.”

करार गेला, असं मी मनात धरलं. मुख्याधिकाऱ्यांनी पेन उचलून एकच शब्द खोडला.

“पावलं कुणाची? मीटर लिहा.”

बोरसे साहेब स्वतः टेप घेऊन गेले. एकोणीस मीटर भरलं. पत्रक वाटल्यावर लोक चौकात येऊन पावलं मोजू लागले. रसवंतीवाला येणाऱ्या प्रत्येकाला बुंधा दाखवायचा. वस्तीतल्या बायका रोज एक फेरी मारून जायच्या. तिसऱ्या दिवशी चौक खणला गेला.

पाणी आलं तेव्हा मी अक्कांच्या दारात होते. नळ आधी खोकला, मग मातीचा गोळा थुंकला, मग गढूळ धार लागली. अक्कांनी हंडा लावला नाही. आधी हात धुतले, मग गुडघ्यांवर पाणी घेतलं.

“सापडना का तो पथ?”

“सापडला, अक्का. चौकात होता.”

बोरसे साहेब आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस नवं ड्रॉइंग घेऊन आले. “बघा, या वेळी खांब नाही घेतला. मारुतीच्या देवळापासून मोजलंय.”

“का, साहेब?”

“रस्ता रुंद होवो नाहीतर चौक,” ते म्हणाले, “देऊळ हलवायची कुणाची छाती नाही.”