उष्ट्या हळदीतून काय गेलं असतं

उष्टी हळद हा आपल्याकडचा अत्यंत मंगल विधी आहे. नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीकडे जाते, म्हणजे त्याच्याकडे जे काही शुभ असेल ते तिच्यापर्यंत पोहोचतं. माझ्याकडे त्या वेळी नायटा होता.

डाव्या खांद्यावर, बांगडीएवढा. आधी रुपयाएवढाच होता. मेडिकलवाल्याने "ये लगाओ, दो दिन में साफ" म्हणत ट्यूब दिली. खाज साफ झाली, नायटा फोफावला! लग्न तोंडावर आलेलं. घाबरून त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ट्यूब फेकायला लावली, दोन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "खाज थांबली तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत."

आठवड्यात खाज थांबली.

"बास आता," आई म्हणाली. "गोळ्या गरम पडतात. लग्नात तोंड आलं तर जिलेबी कशी खाशील?"

मी विज्ञानवादी माणूस. (सोसायटीच्या ग्रुपवर घरगुती उपायांचा समाचार मीच घेतो.) गोळ्या बंद केल्या.

हळदीच्या सकाळी खांदा पुन्हा पेटला. इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मी बनियनवर पाटावर बसलो, आणि सुमनआत्याने वाटीत हात बुडवून नेमका तोच खांदा धरला.

"आत्या, तिथे नको!"

"लाजतोय बघा मेला!" म्हणत तिने खसाखसा चोळलं. हात पुन्हा वाटीत, पुन्हा खांद्यावर. अहाहा, काय बरं वाटत होतं! (तेवढं बरं वाटलं नसतं तर मी वेळेत उठलो असतो.) भानावर आलो तोवर मावसभाऊ वाटी घेऊन पेणकरपाड्याला, नवरीच्या घरी, निघालासुद्धा होता.

मी फोन लावला. "रेश्मा, माझ्याकडची हळद लावून घेऊ नकोस."

"लग्न मोडतोयस?"

"नाही गं!"

"कोण आहे ती?"

"नायटा आहे!"

"...कुणाला?"

"मला. खांद्यावर."

"फक्त नायटा? अरे माणसा, मी बाबांना हाक मारणार होते! गोळ्या घेतोयस ना?"

"आई म्हणाली, गरम पडतात."

"आईंना फोन दे."

सासू-सुनेची ती पहिली खरी बोलणी. आईच्या बाजूने फक्त "हो", "बरं", "हो गं बाई" एवढंच ऐकू आलं. आईने आजवर कुणाचं इतकं ऐकलेलं मी पाहिलेलं नाही. मग तिने स्वतः डॉक्टरांना फोन लावला. ते जे बोलले ते लग्नघरात सांगण्यासारखं नाही, पण कोर्स नव्याने सुरू झाला. आई पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली, "गिळ."

पेणकरपाड्यात आमची वाटी मोठ्या सन्मानाने देवापुढे ठेवली गेली, आणि रेश्माला पुडीतली हळद लागली. फोटोत फरक कळत नाही.

लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला गेलो. हॉटेलच्या खोलीचं दार लागलं. रेश्माने माझ्याकडे रोखून पाहिलं, मोबाइलचा टॉर्च लावला आणि म्हणाली, "शर्ट काढ. पाठ इकडे कर."

तपासणीत नवीन चट्टा आढळला नाही.