पेल्यात काय होतं

सगळी गल्ली त्यांना गादीकाका म्हणायची, पण गाद्या त्यांनी आयुष्यात फार थोड्या केल्या. त्यांचं काम सोफ्याचं आणि खुर्च्यांचं. फाटकं कापड सोलून काढायचं, बसलेल्या स्प्रिंगा उठवायच्या, नवा फोम कापून बसवायचा. दुकान खाली, घर त्याच्यावर. बारीक खिळ्यांना ते चुका म्हणत. त्या मूठभर तोंडात धरायच्या आणि एकेक जिभेने ओठांवर आणून हातोडीने ठोकायची, ही त्यांची सवय. त्यामुळे दिवसभर त्यांचं बोलणं असं नसेच. "तोंडात इतक्या चुका असल्यावर माणूस बोलणार तरी काय," असं काकू गिऱ्हाइकांना सांगायच्या.

एके काळी गादीकाका पीत. चवीपुरती नाही, भरपूर. मग एकदा त्यांनी ती सोडली. शपथ नाही, की कुणाच्या डोक्यावर हात ठेवणं नाही. सोडली ती सोडली. त्याला किती वर्षं झाली ते त्यांनी कधी मोजलं नाही, कारण मोजायला लागलं की आठवण येते असं त्यांचं म्हणणं.

धाकट्या भावाशी त्यांचं बोलणं बंद होतं, त्याचा मात्र दारूशी काही संबंध नव्हता. बारक्या म्हणायचे त्याला. आता तो चांगला आडवा सुटला होता, तरी बारक्याच. दोघे मिळून दुकान चालवायचे. बारक्याला शिवणाच्या मशीनला मोटर बसवायची होती, काकांना पायानेच चालवायचं होतं. शब्दाने शब्द वाढला. काका म्हणाले, "तुला घाई आहे तर जा." बारक्या खरोखरच गेला आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याने स्वतःचं दुकान थाटलं. तेव्हापासून दोघेही एकाच गोष्टीची वाट बघत होते: आधी त्याने फोन करावा.

वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या नर्सबाईंनी आपली आरामखुर्ची काकांकडे दिली होती. काम झाल्यावर काका ती स्वतः वर घेऊन गेले. नर्सबाईंच्या स्वयंपाकघरात बरीच गडबड दिसत होती. त्यांची नोकरी कायम झाली होती, म्हणून दवाखान्यातल्या सोबतिणींना त्या संध्याकाळी घरी बोलावलं होतं. खुर्चीत दोनदा बसून, उठून त्यांनी पसंती दिली आणि काकांच्या हातात एक पेला ठेवला. फिकट पिवळं, दाटसर, वर फेस आणि फेसावर तपकिरी भुकटी.

"काय आहे हे?"

"दूध आणि अंडं. घ्या हो, गोड आहे."

काकांनी घेतलं. जायफळाचा वास आला, घशाखाली मऊसूत काहीतरी उतरलं आणि छातीत ऊब पसरली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. जिना उतरताना आपण गुणगुणतोय हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. दुकानात येऊन ते स्टुलावर बसले, आणि कसं कोण जाणे, त्यांनी बारक्याला फोन लावला.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "तू नसलास की दुकान ओस वाटतं रे. रविवारी जेवायला ये."

पलीकडून बारक्या म्हणाला, "बरं."

वर जाऊन काकांनी हे काकूंना सांगितलं, तेव्हा काकू भाजी निवडायची थांबल्या. "तुम्ही फोन केलात? आपण होऊन?"

"हो. का केला ते विचारू नकोस. मलाच कळलं नाही."

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. ती सासरी, लांबच्या गावी. काकूंनी कौतुकाने सगळं सांगितलं, पेल्यासकट. लेक म्हणाली, "अगं, ते एगनॉग असणार. त्यात रम घालतात."

काकूंनी फोन कानावरून खाली घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं. काका चपला घालत होते. एकच चप्पल घालून ते तसेच उभे राहिले.

"सगळेच नाही घालत," लेक घाईने म्हणाली. "बिनरमचंही करतात. लहान मुलांना देतात ते. बाबांना विचार ना, त्यांना कळलं नाही का?"

त्यांना कळलं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. काका तडक वर गेले. नर्सबाईंच्या दाराला कुलूप. शेजारणीने सांगितलं की त्या सकाळीच बहिणीकडे गेल्या, शनिवारशिवाय यायच्या नाहीत. फोन नंबर कुणाकडेच नव्हता.

काका खाली येऊन कामाला बसले, पण काम सुचेना. एका सोफ्याच्या पाठीचं कापड त्यांनी उलटं लावलं, उसवलं, आणि पुन्हा उलटंच लावलं. ज्या माणसाने इतकी पिऊन टाकली, त्याला पेल्यात दारू आहे की नाही हे ओळखता येऊ नये? पण दुधातून ते कधी प्यायलेच नव्हते. जायफळाचा वास आठवत होता. त्याच्यामागे आणखी कसला वास होता का, हे आठवायला गेलं की दोन्ही खरं वाटायचं. होताही, नव्हताही.

आणि याहून वाईट गोंधळ दुसराच होता. दारू असेल, तर इतक्या वर्षांचं सोडणं एका पेल्यात वाहून गेलं; पण मग तो फोन दारूने केला, आपण नमलो नाही. दारू नसेल, तर सोडलेली सोडलेलीच राहिली. पण मग भावाला आधी फोन आपणच केला, शुद्धीत, धडधडीत. यातलं कुठलं उत्तर आपल्याला हवंय, हेच त्यांना ठरवता येईना.

"करूनच बघू या," काकू शेवटी म्हणाल्या. "लेकीला कृती विचारते. रम न घालता करू. ते पिऊन तुम्हाला तसंच वाटलं, तर सुटलात."

"आणि नाही वाटलं तर?"

"तर पुढचं पुढे. आधी अंडी आणा."

काकांनी अंडी आणली, साय आणली, व्हॅनिलाची बाटली आणली. ती बाटली उघडून त्यांनी इतका वेळ हुंगली की काकूंनी ती हातातून काढून घेतली. लेकीला व्हिडिओ कॉल लावून फोन फळीवर उभा करून ठेवला आणि काकूंनी दूध, साय चुलीवर चढवली. बलक वेगळे काढून त्यात साखर घातली. लेक म्हणाली, "फेट, फिकट रंग येईपर्यंत." काकूंनी जेमतेम फेटलं, आणि दूध उकळलंय असं बघून बलक सरळ त्यात ओतले.

पातेल्यात क्षणभर काही झालं नाही. मग पिवळ्या गुठळ्या वर आल्या.

"आई, गरम दूध अंड्यात घालायचं होतं. अंडं दुधात नाही."

"एकच झालं की."

"एकच कसं होईल? अंडं शिजलं ना."

काकांनी चमचाभर तोंडात घातलं. गोड भुर्जी. तरी त्यांनी ती सगळी संपवली, कारण घरात काही टाकायची पद्धत नव्हती.

दुसऱ्या खेपेला फेटायचं काम काकांनी घेतलं. वर्षानुवर्षं हातोडी चालवलेला हात तो. बलक आणि साखर मिळून लोण्यासारखं फिकट झालं. काकूंनी गरम दूध पळीने थोडं थोडं सोडलं, काका फेटत राहिले. मग सगळं पुन्हा मंद आचेवर. "उकळी येऊ देऊ नका," लेक तिकडून ओरडत होती. चमच्याच्या पाठीवर जाडसर थर बसायला लागला तसं काकूंनी पातेलं उतरवलं, गाळलं, व्हॅनिलाचे थेंब टाकले, आणि वरून जायफळ किसलं.

काकांनी पेला घेतला. काकू समोर स्टूल ओढून बसल्या, डॉक्टर बसतो तशा.

"तेच आहे?"

"चव तीच आहे."

"नक्की?"

"तीच असावी."

"असावी म्हणजे काय? कान बघू." काकूंनी त्यांच्या कानाची पाळी चिमटीत धरली. "गरम आहेत."

"चुलीपाशी उभा होतो मी इतका वेळ. गरमच असणार."

मग निवलेलं पिऊन बघायचं ठरलं. काका खिडकीपाशी जाऊन बसले, अंगाला वारा लागू दिला आणि दुसरा पेला घेतला. छातीत ऊब आली खरी. पण ती पेल्यातून आली की वाट बघण्यातून, काय सांगावं.

"कुणाला फोन करावासा वाटतोय का?" काकूंनी विचारलं.

"कुणाला करू? भाऊ एकच आहे, त्याला करून झाला."

काकूंना हसू आलं, पण काकांचा चेहरा बघून त्यांनी ते पदराआड ढकललं. त्यानंतर काकांना झोप आली. झोप आली हे चांगलं की वाईट, यावरही दोघांचं एकमत झालं नाही.

शनिवारी वरच्या मजल्यावर दार वाजलं, तसे काका अर्धी शिवलेली गादी टाकून जिना चढले. एवढी एकच गादी त्या महिन्यात आली होती, तीही तशीच राहिली. नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, मी दोन भांडी केली होती. एकात रम, एकात नाही. सोबतिणींपैकी दोघी घेत नाहीत, म्हणून. तुम्हाला मी बिनरमचंच दिलं असणार."

"असणार?"

"मला आठवतंय, मी डावीकडचं भांडं उचललं. पण डावीकडे कुठलं होतं..." त्या थांबल्या. त्यांचे डोळे भरून आले. "मला माहीत असतं तर मी विचारलं असतं हो. खरंच चुकलं माझं."

काकांनी उलट त्यांचीच समजूत घातली. पण खाली उतरताना ते प्रत्येक पायरीवर रेंगाळले. ज्या एका माणसाला ठाऊक असायला हवं होतं, त्यालाही ठाऊक नव्हतं. आता विचारायला कुणी उरलं नव्हतं.

रविवारी बारक्या आला. दारात चपला काढताना तो वाकला, तेव्हा त्याला धाप लागली, आणि काकांना वाटलं, किती जाड झाला हा. जेवताना सगळे इकडचं तिकडचं बोलले. जेवण झाल्यावर काकूंनी घरी केलेल्या एगनॉगचे पेले आणून ठेवले. बारक्याने पेला नाकाशी नेला, खाली ठेवला आणि भावाकडे बघत म्हणाला, "दादा, खरं सांग. त्या दिवशी घेतली होतीस?"

काकू पेले आणून तशाच उभ्या होत्या.

"तू असं कधी बोलत नाहीस," बारक्या म्हणाला. "फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, पुन्हा सुरू केली वाटतं. मी आलो ते जेवायला नाही, ते बघायला आलो."

"मला माहीत नाही," काका म्हणाले.

"माहीत नाही म्हणजे?"

मग काकूंनीच सगळं सांगितलं. पेला, लेकीचा फोन, गोड भुर्जी, गरम कान, दोन भांडी. बारक्या आधी गंभीर होऊन ऐकत होता. भुर्जीपाशी त्याचे खांदे हलायला लागले आणि कानापाशी तर तो पोट धरून हसला. काका मात्र हसले नाहीत.

"यात नाहीये ना?" बारक्याने पेल्याकडे बोट केलं.

"नाही. माझ्यासमोर केलंय."

"मग हे पी, आणि तेच परत म्हण. म्हणजे निकाल लागेल."

काकांनी पेला संपवला. मिशीवरचा फेस पुसला. तोंड उघडलं, मिटलं. त्या दिवशी जे वाक्य आपोआप बाहेर पडलं होतं, ते आता काही केल्या बाहेर येईना. बारक्या वाट बघत होता.

"खाली एक सोफा आलाय," काका शेवटी म्हणाले. "तीन माणसांचा. बैठकीखालचे पट्टे ताणायचेत. एकट्याने होत नाही."

बारक्याने बाह्या सरसावल्या. दोघे खाली गेले. एकाने पट्टा ताणून धरायचा, दुसऱ्याने ठोकायचा. कुणी काय करायचं हे त्यांना ठरवावं लागलं नाही. काकांनी तोंडात चुका भरल्या होत्या, त्यामुळे बोलायचा प्रश्नच नव्हता. शेवटची ठोकून झाल्यावर मात्र ते म्हणाले, "पुढच्या रविवारी ये. दुसरा सोफा आहे."

"खरंच आहे, का उगाच?"

काकांनी दुकानभर नजर फिरवली. दुसरा सोफा काही दिसत नव्हता.

"येईल," ते म्हणाले. आपण हे का म्हणालो, याचा उलगडा त्यांना पुढे बरेच दिवस झाला नाही. पण बारक्या येत राहिला.