देवीचा दोरा आणि सुमंगलाची कातर

धारगळचा हमरस्ता मागे पडून तास झाला, तरी सुमंगलाचा राग खाली बसेना. पिशवीतला नारळ पावलागणिक गुडघ्यावर आपटत होता.

"देवीपुढं माफीचं गाऱ्हाणं घाल म्हणे! कसली माफी गो?"

सोबत प्राजक्ता होती. देवळाच्या फलकावर खडूनं सूचना लिहायचं काम तिचं.

बावीस वर्षं सुमंगला इस्पितळात नर्स. हात धुतल्याशिवाय सलाईनला शिवायची नाही, सुईच्या पट्टीवर तारीख टाकल्याशिवाय पुढच्या खाटेकडे जायची नाही. पण ती दोन दिवस रजेवर गेली, आणि तिच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या बाबुरावांच्या सुनेनं, गौरवीनं, देवीचा दोरा तीर्थात भिजवून सासऱ्याच्या मनगटाला बांधला, अगदी सुईच्या पट्टीवरच. सगळ्या पाळ्यांच्या नर्सनी तो पाहिला. देवाच्या वस्तूला हात कोण लावणार?

सुमंगला परतली तेव्हा पट्टी चिंब, शीर लालबुंद, बोट लागलं की म्हातारा कळवळे. अंगात सणसणून ताप. तिनं दोरा कापला, सुई काढली, डॉक्टरांना बोलावून दुसऱ्या हाताला नवी लावली. दोरा कागदात गुंडाळून उशीखाली ठेवला.

"देवीक कातर लावलीस?" गौरवीनं वॉर्ड डोक्यावर घेतला. ताप त्या कातरीमुळेच म्हणे. पुढं ताप उतरला, तो देवीच्या कृपेनं म्हणे, आणि तक्रार वर गेली. थोरली सिस्टर म्हणाली, "देवीसमोर चूक कबूल कर, मिटव."

"ताप उतरला तो देवीनं, नि चढला तो माझ्या कातरीनं?" सुमंगला रस्त्यातच थांबली. "रोज दिवा लावून ड्यूटीवर जाते मी. देवीला दिसत नाही होय?"

"मग नारळ कशाला, ताई?"

"म्हातारा पायांनी चालत घरी गेला, त्याचा. माफीचा नव्हे."

देऊळ आलं. सभामंडपात गौरवी भटजींशेजारी वाट बघत उभी होती, पदर खोचून. सुमंगला आधी नळावर गेली. पाय धुतले, मग हात. सवयीनं बोटांच्या बेचक्यासुद्धा.

"एवढं काय घासतेस? ऑपरेशन करायचंय देवीचं?" प्राजक्ताला हसू आलं.

सुमंगला हसली नाही.

"चूक झाली असं मी देवीसमोर म्हणणार नाही. खोटं बोलू तिच्याशी? तू एक कर बाय. मी आत आहे तोवर फलकावर लिही, ठसठशीत. सुई असलेल्या हाताला दोरा बांधू नका, उशाशी ठेवा. आणि खाली माझं नाव घाल."