तुला नको

निवृत्त झालो, तरी सातिवलीच्या त्या गाळ्यातला कुबट वास अजून आठवतो.

फुलपाड्याची एक तरुणी आमच्या पोलीस ठाण्यात आली होती. "साहेब, आईने केमो बंद केलीय. रानअळंबीचा अर्क घेते, त्याने गाठ विरघळते म्हणे. मी अडवलं तर विचारते, तुला डॉक्टर कमिशन देतात का?"

उपचार चालू ठेवले तर आई बरी होण्यासारखी होती.

अर्क सातिवलीच्या त्या गाळ्यातून विकला जायचा. आधी साध्या वेशातल्या हवालदाराला तिथे गिऱ्हाईक म्हणून पाठवलं. त्याच्या हाती बाटली पडताच औषध निरीक्षकांसह छापा घातला, पंचनामा केला. विक्रेत्याने शांतपणे इंग्रजी शोधनिबंध पुढे केले. "वाचा साहेब. अळंबीने कॅन्सरच्या पेशी मरतात. मी नाही, शास्त्रज्ञ म्हणतात."

मी जरा बिचकलो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच; छापील इंग्रजीपुढे आजही दबकतो. ते कागद एका प्राध्यापिकेला दाखवले.

"खोटं नाही हे," त्या म्हणाल्या. "पण हे प्रयोग काचेच्या बशीतल्या पेशींवरचे आहेत. माणसाला किती द्यायचं, अपाय काय होईल, अजून ठरायचंय."

चौकशीत विक्रेत्याचं एकच पालुपद, "माझा विश्वास आहे यावर." हा फसवतोय की स्वतःच फसलाय, मला कळेना.

दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. डोक्याला घट्ट रुमाल, भुवया झडलेल्या.

"साहेब, यांना उद्या तरी सोडाल का? माझी केमो आहे. हेच नेतात."

"तुम्ही अर्क नाही घेत, ताई?"

"मागितला होता. म्हणाले, तुला नको."

तो खाली बघू लागला. संध्याकाळपर्यंत त्याने सगळं कबूल केलं.

पण फुलपाड्याच्या त्या तरुणीची आई ऐकेना. "पोलीसही हॉस्पिटलवाल्यांचेच," म्हणाली. शेवटी त्याच रात्री मी संकोचत विक्रेत्याच्या बायकोलाच विनंती केली. नवऱ्याच्या विरुद्ध जायचं होतं, तरी ती आली. समोर बसून तिने रुमाल सोडला.

"काकू, मला नाही दिला हो त्यांनी तो अर्क."

आईने तिच्या केस गेलेल्या डोक्याकडे पाहिलं. मग विचारलं, "उद्या तुला कोण नेणार गं?"

आई मुलीकडे वळली. "माझी फाइल काढून ठेव. आपण हिच्यासोबत जाऊ."

संशय घेणं हा माझा पेशाच होता. पण विकणाऱ्याला 'घरच्यांना काय देता?' हे आधी विचारायला मी त्या केसनंतर शिकलो.