घाई असेल तर मेथी

प्रात्यक्षिकाच्या तासाला मॅडम आधी आमची नखं बघायच्या. माझ्या इंग्रजी शाळेतही दर सोमवारी नखं बघत, पण तिथे माती सापडली तर वर्गाबाहेर उभं करत. इथे उलट. स्वच्छ नखं दिसली की मॅडम म्हणायच्या, "का वं, सुट्टीवर आहेस का अजून?" आणि मातीच्या ढिगाकडे बोट दाखवायच्या. पहिला महिनाभर ते बोट बहुतेक माझ्यासाठीच होतं.

धुळ्याच्या आमच्या महाविद्यालयात त्या रोपवाटिकेचा विषय शिकवत. नोकरी कायम नव्हती, दर वर्षी नव्यानं नेमणूक व्हायची. माहेर फैजपूरचं, केळीच्या बागांतलं. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात कलमाचा चाकू, बांधायच्या पट्ट्या आणि भाजलेले शेंगदाणे, सगळं एकत्र. मूठभर शेंगदाणे कुणाच्या हातावर ठेवले की त्यात एखादी पट्टी निघायचीच.

दुसऱ्याला धीर शिकवणारी आणि स्वतःला मात्र क्षणभर बसू न देणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मॅडम तशा. बसची वाट बघत उभं राहणं त्यांना जमायचं नाही. पुढच्या थांब्याकडे चालत सुटायच्या आणि मधल्या वाटेत बस त्यांना ओलांडून जायची. पण आमच्यापैकी कुणी कलम बांधून चार दिवस होत नाहीत तोच पट्टी सोडून बघू लागलं, की हातावर चापट बसे.

"घाई असेल तर मेथी लाव!"

मी कमी बोलते. बाकी सगळे "बोल की गं" म्हणत. मॅडमनी कधी म्हटलं नाही. शेजारी उकिडव्या बसून त्या माझ्या हाताकडे बघत राहायच्या. एकदा म्हणाल्या, "तुझा काप सरळ येतो. बडबड करणाऱ्यांचा हलतो."

शेजारच्या मुलीचं तोंड सतत चालू असायचं. ती म्हणाली, "मॅडम, हे मला होतं का?"

"नाही बेटा, तुझ्या चाकूला होतं."

एरंडोलकडच्या एका शेतकरी नानांनी आमच्या वर्गाकडे मोसंबीची रोपं सांगून ठेवली होती. मोसंबीचं रोप करताना जंभेरी लिंबाच्या रोपावर मोसंबीचा डोळा भरतात, म्हणजे तिचा कोंब सालीत बसवून बांधतात. मुळं जंभेरीची, वरचं झाड मोसंबीचं. मात्र जोडाच्या खालून जंभेरी स्वतःही फुटत असते. ती फूट खुडत राहावी लागते, नाहीतर तीच जोर धरते आणि मोसंबीचा डोळा वाळून जातो. आम्ही डोळे भरले होते, पण हे खुडायचं आम्हाला सांगायच्या आधीच मॅडमच्या आईचं ऑपरेशन निघालं. फैजपूरला जाताना त्या फाटकातून ओरडल्या, "पाणी द्या रे!"

आम्ही पाणी दिलं. फार मनापासून दिलं.

त्या परत आल्या तेव्हा हिरव्या जाळीखाली रोपं दाट, तजेलदार उभी होती. मॅडमनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "काय पोसलीत रे पोरांनो!" आणि तिथूनच नानांना फोन लावला.

नाना टेम्पो घेऊन आले, सोबत त्यांच्या घरच्या अक्का. आम्ही रोपांच्या पिशव्या चढवू लागलो. एक पान माझ्या हातात चुरडलं आणि लिंबाचा वास आला. मी जोड पाहिला. फूट खालून आलेली होती. शेजारचं रोप पाहिलं, तेही तसंच. मॅडम नानांशी हसत बोलत होत्या. मला सांगायचं ते सगळं इंग्रजीत सुचत होतं. शेवटी मी ते पान त्यांच्या नाकाजवळ धरलं.

हसू थोडा वेळ तसंच राहिलं, त्यामागचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी बोटानं जोड चाचपला. मोसंबीचा डोळा काळा पडला होता.

"मॅडम," एक मुलगा हळूच म्हणाला, "फळ लागेपर्यंत कुणाला कळणार नाही."

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या. "उतरवा."

व्हरांड्यातून विभागाचे सर बघत होते. मॅडमच्या नेमणुकीचा कागद त्यांच्याच सहीनं पुढे जायचा, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"बठ्ठा झाडे मस्त शेतस, मॅडम. काब्र उतारतस?" उतरवता कशाला, असं नानांनी विचारलं.

"नाना, ही मोसंबी नाही. चार वर्षं जीव लावाल आणि आंबट जंभेरी लागेल. पोरांना सांगायचं माझ्याकडून राहिलं, आल्यावर नीट बघायचंही राहिलं. चूक माझी आहे." हे मॅडम सरांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

"मी ते खड्डा खंदी ठेवात ना!" नाना म्हणाले.

"लोणचं ते व्हई ना त्यानं?" अक्कांनी विचारलं. सगळे हसले. मॅडमही हसल्या, पदराने डोळे पुसत.

"खड्ड्यांना ऊन खाऊ द्या. पुढच्या वर्षी मोसंबीच देते. घाई..." त्या थांबल्या. "घाई मलाच झाली. मीच मेथी लावायला हवी होती."

त्यानंतर आम्ही पुन्हा डोळे भरले. रोज सकाळी मॅडम आमच्या आधी येऊन फूट खुडत बसलेल्या असायच्या. आम्ही गेलो की सरकून जागा करून द्यायच्या.

रोपं तयार होण्याआधीच वर्ष संपलं. मॅडमची नेमणूक पुढे झाली नाही. कारण कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

नाना ठरल्याप्रमाणे टेम्पो घेऊन आले, सोबत अक्काही. मॅडमच्या जागी आलेले नवे सर म्हणाले, "चला, भरा." नानांनी पहिल्या पिशवीवर हात ठेवला.

"मॅडम नई उन्यात का?"

"त्या आता इथे नाहीत," मी म्हणाले.

नानांनी जाळीखाली दूरवर नजर टाकली, मग आमच्याकडे पाहिलं. "मंग देखी कोण?"

सरांनी घड्याळ बघितलं. मी खाली बसले, पहिलं रोप पुढे ओढलं, जोड पाहिला, वरचं एक पान चुरडून हुंगलं आणि अक्कांकडे दिलं. अक्कांनीही वास घेतला आणि होकारार्थी मान डोलावली. मग मी दुसरं रोप ओढलं.