बैलाच्या पायाची हाडं

साठ साली नवं राज्य झालं, त्याला तीन-चार वर्षं झाली होती आणि मी डोणगावजवळच्या एका खेड्यात बैल मरायची वाट पाहत बसलो होतो.

असं उघड लिहायला आज लाज वाटते. तेव्हा त्याला संशोधन म्हणायचे. प्राचीन माणूस आणि जनावरं यांचं नातं हा माझा विषय. उत्खननात सापडलेली बैलाच्या पायाची हाडं पुण्यात माझ्या टेबलावर पडली होती. तो बैल नांगराला जुंपलेला होता की नुसताच हिंडत होता हे ठरवायचं, तर जन्मभर राबलेल्या बैलाची हाडं शेजारी ठेवून पाहायला हवीत. ती मिळाली नाहीत तर प्रबंध लटकला, हे मार्गदर्शकांनी स्वच्छ सांगितलं होतं.

असा बैल एका म्हातारबाबांच्या गोठ्यात होता. अठरा वर्षांचा, दात झिजलेला, केव्हाच कामातून सुटलेला. विकायची गोष्ट काढली की बाबा उठून जायचे. त्यांच्या घरात बैल मेला की आपल्याच शेतात, मीठ घालून पुरायची रीत. हे ऐकून मी मनात खूश झालो. पुरलेली हाडं एका जागी राहतात.

मग मी रोज सकाळी गोठ्यावर जाऊ लागलो. चारा खाल्ला का, रात्री बसला की उभाच होता, सगळी चौकशी करायचो. बाबांची म्हातारी शेजारणीला सांगायची, "पुन्याचा मानूस हाय, पन मुक्या जनावराची माया पाह्य किती. आमच्या पोरायले नाही एवढी." आणि मला गुळाचा चहा द्यायची. मी तो पीत असे. चहा फार छान असायचा.

माघात बैल गेला. खड्डा खणताना मीही फावडं घेतलं. पाय कोणत्या बाजूला येतात ते पाहायचं होतं. बाबा हमसून रडले. माझेही डोळे भरले, आणि त्याचं मला स्वतःलाच कौतुक वाटलं. माती सारखी झाल्यावर धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, एक काळा दगड आणून मी पायांच्या अंगाला रोवला. दोन वर्षांनी, हाडं मोकळी झाल्यावर, जागा चुकायला नको. जमलेल्यांपैकी एकानं हात जोडले. मी काही खुलासा केला नाही.

दोन वर्षांनी कुदळ आणि दोन पोती घेऊन परत गेलो. परवानगी मागायचं भाषण एसटीतच पाठ केलं होतं. दगडाला वरपासून खालपर्यंत शेंदूर होता. पोळ्याला गावचे बैल आता आधी इथं येतात, मग मारुतीला, असं कळलं. लोकांनी मिळून, देवपण देऊन, जनावरं कशी राखली, हे माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण. त्याचा प्रयोग माझ्यावरच झाला होता. कुदळ मी हळूच धुऱ्याआड सरकवली. शेंदूर लागलेल्या दगडाखाली खणणारा माणूस त्या गावातून धड परत आला नसता.

"देव तुमीच बसवला," लोक म्हणाले, "नारळबी तुमीच फोडा." फोडला. खोबरं वाटलं. माणसं पांगली, बाबा तेवढे बसून राहिले.

"साहेब, थे धुऱ्याआडची कुदळ घेऊन जा आठवनीनं," ते म्हणाले.

मी धुऱ्याकडं पाहिलं.

"शेंदूर मीच लावला. तुमी दगड रोवला तवाच मले समजलं."

"कसं?" मी विचारलं.

"रोज येत होते तुमी. पन पायाकडंच पाह्यत होते. त्याच्या तोंडाकडं एक डाव नाही पाह्यलं."

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. काहीतरी उत्तर द्यावं म्हणून मी तो बैल घाईघाईनं आठवून पाहिला. खुरं आठवली, गुडघे आठवले, पुढच्या डाव्या पायावरची गाठसुद्धा आठवली. बैल पांढरा होता की तांबडा, ते काही केल्या आठवेना.