पाहुण्यांच्या स्टँडमध्ये

रिटायर व्हायच्या तोंडावर मी माझ्या मुलीशी वीस दिवस बोललो नाही. म्हणजे एकदाच बोललो. ती स्वयंपाकघरात आईला म्हणत होती, "बाबा माझ्याशी बात का नाही करत?" मी बाहेरच्या खोलीतून ओरडलो, "बात नाही करत काय! बोलत नाहीत म्हण!" आणि परत पेपरात डोकं खुपसलं. अबोल्यात मराठी सुधारून देणारा बाप दिल्लीत मीच एक असेन.

भांडण साधं होतं. सरकारी नोकर महिन्याच्या शेवटच्या तारखेला रिटायर होतो, तसा मी जानेवारीच्या एकतीसला होणार होतो. त्यानंतर काही महिन्यांत आर. के. पुरमचं क्वार्टर सोडायचं आणि पुण्याला जायचं, हे मी दिल्लीत पाऊल टाकलं त्याच दिवशी ठरवलेलं. अठ्ठावीस वर्षं मी या शहरात रेल्वेच्या वेटिंग रूममध्ये बसल्यासारखा बसलो होतो. पुण्यात तीन खोल्यांचा फ्लॅट घेऊन ठेवला. एक खोली आमची, एक येणाऱ्या-जाणाऱ्याची आणि एक तिची. तिच्या गुडगावच्या ऑफिसची एक शाखा पुण्यातही आहे, म्हणजे तोही प्रश्न मिटला. सगळं कसं फाइलीत लावल्यासारखं.

आणि ही सत्तावीस वर्षांची बया जेवताना म्हणते, "बाबा, मी इथेच राहणार. माझं सगळं इथे आहे."

"सगळं म्हणजे काय?"

"जॉब, फ्रेंड्स, टीम."

टीम म्हटल्यावर माझं टाळकंच फिरलं. दिल्लीचा एक फुटबॉल संघ आहे. चारेक वर्षांपूर्वी हिला त्याचं वेड लागलं. शे-सव्वाशे पोरं-पोरी घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याला गळ्यात एकाच रंगाचे मफलर घालून जातात, ढोल बडवतात, घसा बसेपर्यंत ओरडतात आणि बहुतेक वेळा हरून घरी येतात. त्या टीमसाठी ही आई-बापाला सोडणार!

"मग समज, पुण्यात तुला घर नाही," मी म्हणालो.

बोललो आणि लगेच कळलं, की हे बोलायचं नव्हतं. पण तोंडातून गेलेला शब्द परत घेईन तर मी मी कसला! ती ताटावरून उठली. त्या दिवसापासून अबोला.

दर जानेवारीत आमचं महाराष्ट्र मंडळ पानिपतला बस नेतं. लढाईचा दिवस संक्रांतीचा, पण ऑफिसं असतात, म्हणून आम्ही जवळचा रविवार धरतो. बसचं सगळं माझ्याकडे. पहाटे धुक्यात लोक गोळा करायचे, नावं वाचायची, वडा-पावांची पाकिटं वाटायची, काला अंबला पोचलं की सगळ्यांना फेटे बांधायचे, स्मारकापाशी हार घालायचा. त्या वर्षीही गेलो. माझं मंडळातलं शेवटचं पानिपत, म्हणून लोकांनी मलाच हार घालायला लावला. घालताना मनात आलं, आपण मोठे विचित्र लोक. जिंकलेल्या लढाया कितीतरी असतील, त्यांच्या जागी कुणी बस करून जात नाही. हरलो त्या जागी मात्र दरवर्षी न चुकता, डबे घेऊन. हरण्याशी कसं वागायचं, ते आम्हाला शिकवावं लागत नाही.

अडीचच्या सुमाराला घरी परत आलो. बायको दारातच उभी. गुडघ्यामुळे ती त्या वर्षी आली नव्हती.

"चहा घ्या आणि तसेच तिच्या मॅचला जा," ती म्हणाली.

"मी? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"माझं आहे. तुमचं बघा. रिटायर होताय, संन्यास नाही घेत. पोटच्या पोरीशी वीस दिवस बोलत नाही म्हणजे काय! आज जाच. परत नाही सांगणार."

हिच्या आवाजात 'आज' या शब्दावर जरा जास्त जोर होता. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. मी चहा प्यायलो, पुटपुटलो आणि मेट्रो धरली. घाईत डोक्यावरचा भगवा फेटा काढायचाच राहिला. डब्यातल्या एका मुलाने "चाचाजी, शादी है?" म्हणून विचारलं तेव्हा लक्षात आलं. म्हटलं, आता राहू दे, थंडी तरी वाजणार नाही.

स्टेडियमबाहेर दोन रांगा. कुठल्या रांगेत उभं राहायचं हे बघतोय, तेवढ्यात कानावर आलं, "अरे, तो भाव्या कुठे उलथलाय? तिकीट त्याच्याकडे आहे!" झालं. दिल्लीत कानावर मराठी पडलं, की आमची पावलं आपोआप तिकडे वळतात. आमच्यातले लोक असेच अनोळखी बायकांच्या मागे भाजी मंडईत चार दुकानं गेलेले आहेत. मी जाऊन त्या रांगेत उभा राहिलो. पोरं गुडगाव-नोएडाच्या आयटी कंपन्यांतली, पुण्या-मुंबईकडची. माझा फेटा बघून तर त्यांना उधाणच आलं. "काका, तुम्ही तर फुल तयारीत! या, या, मधे या!" तिकीटही त्यांनीच काढून दिलं. मी खूश. हातात हात घालून मला वर नेलं, मधोमध बसवलं.

बसल्यावर कळलं, की आज पाहुणा संघ मुंबईचा आहे आणि मी पाहुण्यांच्या स्टँडमध्ये आहे. माझी मुलगी मैदानाच्या पलीकडे.

उठून जावं तर मधे कुंपण, आणि पोलीस म्हणतो, "तिकट जहाँ का है, वहीं बैठो." शिवाय खरं सांगायचं तर, मला तिथे बरंच वाटत होतं. कुणीतरी चकली पुढे केली. कुणी विचारलं, काका मूळ कुठले? मी पलीकडच्या स्टँडकडे बोट करून म्हणालो, "माझी मुलगी तिथे आहे." पोरं हसली. "काका, घरात फितुरी!" मीही हसलो. वीस दिवसांत पहिल्यांदा हसलो असेन.

फुटबॉल मला कळत नाही. दहाव्या मिनिटाला दिल्लीने गोल केला तेव्हा पलीकडचा स्टँड उठून उभा राहिला, एवढं कळलं. आणि मग ढोल सुरू झाला.

मी ताठ झालो. तो ठेका मला ठाऊक होता. आमच्या मंडळाच्या गणपतीच्या मिरवणुकीचा ठेका. ती नऊ वर्षांची असताना मीच तिच्या हातात टिपरू दिलं होतं, मनगट कसं सैल ठेवायचं ते माझ्या हाताने दाखवलं होतं. आता त्याच ठेक्यावर शंभर पंजाबी, बिहारी, बंगाली, मणिपुरी पोरं "दिल्ली! दिल्ली!" ओरडत होती आणि मधे माझी पोरगी, केस सुटलेले, ढोल कमरेला, बडवतेय. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता. पण खांदे दिसत होते. ते माझ्या आईचे खांदे आहेत, मी कुठूनही ओळखीन.

"अरे, हा तर आपला ठेका!" माझ्या शेजारचा म्हणाला. आणि आमची सगळी मुंबईकर पोरं, एका गोलने मागे असताना, शत्रूच्या ढोलावर नाचायला लागली. काय म्हणावं!

मी अठ्ठावीस वर्षं म्हणत होतो, की दिल्लीत वाढलेल्या पोरांचं मराठीपण जातं. शब्द जातात, ते खरंच. तिला 'उंबरठा' आठवत नाही, 'चौखट' म्हणते. पण जे गेलं नव्हतं, ते मी कधी बघायलाच गेलो नव्हतो. चार वर्षं ती मैदानावर जात होती आणि मी घरी बसून तिचे चुकलेले शब्द मोजत होतो. लाज वाटली मला. अगदी चारचौघांत, चकली खाताखाता लाज वाटली.

दिल्लीचा दुसरा गोल झाला, तिसरा झाला. शेवटी चौथा. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली, आणि खेळ न कळणाऱ्यालाच ती आली असावी. पहिल्या गोलाला पलीकडचे सगळे मैदानाकडे बघून ओरडत होते. चौथ्यानंतर ते एकमेकांकडे बघायला लागले. आता काही धोका उरला नव्हता, तेव्हा लोकांना शेजारचा माणूस दिसायला लागला असेल. कुणी मिठ्या मारत होतं, कुणी पायरीवर नुसतंच बसून होतं. असा विजय त्यांच्याही सवयीचा नसावा. आणि ढोल थांबला होता. माझ्या मुलीने तो काढून दुसऱ्या कुणाच्या तरी कमरेला बांधला आणि ती एकेकाला भेटत होती. एकेकाला, वेळ घेऊन. मला कळेना, जिंकल्यावर हिचं हे काय चाललंय.

सामना संपल्यावर पोरांनी मला "काका, पुढच्या वेळी जिंकू!" म्हणत निरोप दिला. मी स्टेडियमला अर्धा वळसा घालून घरच्या संघाच्या गेटापाशी गेलो. तिथे नुसता धिंगाणा. मफलर हवेत, कुणी कुणाच्या खांद्यावर. आणि त्या गर्दीच्या कडेला माझी मुलगी. डोळे लाल.

मला बघून ती दचकली. "बाबा? तुम्ही? आणि हे डोक्यावर काय?"

"पानिपत," मी म्हणालो. "पलीकडे बसलो होतो. चुकून."

तिला हसू फुटलं. तेवढ्यात तिची एक मैत्रीण, उंच, मफलर कमरेला बांधलेली, सरळ माझ्यापाशी आली आणि हात जोडून म्हणाली, "अंकल, प्लीज़ यार, इसको मत ले जाओ. लास्ट होम मैच था इसका, और हमने चार मार दिए. इससे अच्छा क्या होगा?"

मी मुलीकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

"तुमच्या रिटायरमेंटच्या दिवशी सांगणार होते," ती म्हणाली. "पुण्याची ट्रान्सफर मागितली मी. मिळाली. मार्चपासून. त्याआधी इथे मॅच नाही आता. आईला माहीत आहे."

म्हणजे बायको 'आज जाच' म्हणाली, ते यासाठी. आणि मी जिंकलो होतो. अठ्ठावीस वर्षं जे ठरवलं होतं ते पूर्ण झालं, फ्लॅटची तिसरी खोली भरली, एका वाक्याच्या जोरावर. मला वाटायला हवं होतं, की आता मी मफलर उडवावा. पण तसं वाटलं नाही. ती त्या गर्दीत उभी होती आणि तिथली प्रत्येक व्यक्ती जाता-येता तिला हात लावून जात होती. मला दिल्लीत एवढ्या वर्षांत असं कुणी हात लावून गेलं नव्हतं. मी लावूच दिला नव्हता. आणि आता मी हिला एका अशा शहरात नेऊन बसवणार होतो, जिथे तीही वेटिंग रूममध्ये बसल्यासारखी बसली असती. माझ्यासाठी.

आणि मला राग आला. प्रेम आलं की मला रागच येतो, त्याला माझा इलाज नाही.

"कुणी सांगितलं होतं तुला ट्रान्सफर मागायला?" मी ओरडलो.

"तुम्हीच!"

"मी शंभर गोष्टी सांगतो! सत्तावीस वर्षांत माझी एक तरी ऐकलीस? डॉक्टर हो म्हटलं, झालीस? गाडी हळू चालव म्हणतो, चालवतेस? मग नेमकी हीच कशाला ऐकायला गेलीस!"

 आजूबाजूची पोरं आमच्याकडे वळली. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण बाप ओरडतोय हे कळत होतं.

"उद्या जाऊन कॅन्सल कर ती ट्रान्सफर," मी म्हणालो. "आणि पुण्याला तुझं घर आहे. मी म्हणालो होतो नाही, ते चूक होतं. घर आहे. पण राहायचं तू इथेच. ऐकतेस का?"

"ऐकलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुम्हाला चालेल?"

"नाही चालणार," मी म्हणालो. "अजिबात नाही चालणार. तरी राहा."

तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडायला लागली. मीही रडलो. साठ वर्षांचा, फेटा बांधलेला माणूस, भर रस्त्यात. मैत्रीण काय ते समजून बाजूला झाली आणि पोरांना पुढे घेऊन गेली. सगळी पोरं नाचत, गात मेट्रोकडे निघून गेली आणि आम्ही दोघंच फुटपाथवर राहिलो, एका शेंगावाल्याच्या गाडीपाशी.

तो म्हातारा आमच्याकडे बराच वेळ बघत होता. शेवटी त्याने कागदाच्या पुडीत गरम शेंगा भरल्या आणि मुलीच्या हातात दिल्या. मी खिशात हात घातला तर नको म्हणाला.

"रोते नहीं, बाबूजी," तो मला म्हणाला. "हार-जीत तो लगी रहती है. कितने से हार गए?"

"हारे नहीं," मी डोळे पुसत म्हणालो. "चार-ज़ीरो से जीते हैं."